लावण्या मणींसारखं कापडावरचं काम: ती काळी रेघ पसरत कशी नाही? (जाणकारांनी सांगा)

आंबटगोड

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. फोर्टात केमोल्ड गॅलरीत लावण्या मणी यांचं काम बघितलं. लांबून वाटतं भिंतीवर मोठ्ठं चित्र लावलंय, झाडं, प्राणी, जुन्या प्रवासवर्णनांत असायचे तसले अर्धे खरे अर्धे मनचे जीव, आणि जवळ गेलं की कळतं हे सगळं सुती कापडावर आहे, कुठे कलमकारी (कलमाने नैसर्गिक रंगात काढलेलं काम), कुठे वेगळा तुकडा लावून शिवलाय, कुठे नुसतीच सुईची कड. नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन बघत होते, शेवटी तिथली मुलगी खोकली. सगळ्यात भारी वाटली ती काळी रेघ. सुती कापडावर शाई टेकवली की पसरते हे आपल्याला शाळेच्या शर्टाच्या खिशापासून माहितीये, पण ही रेघ बारीक, एकसारखी, बोरूने कागदावर काढल्यासारखी.

मी स्वतः कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करते. विषय म्हणाल तर बुरशी, अळंबी, मुळांची जाळी, वारुळं, थोडक्यात एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्या गोष्टी. हल्ली मात्र वाटायला लागलंय की जंगलातली बुरशी प्लास्टिकच्या रंगाने रंगवायची हा जरा विनोदच आहे. आईमुळे गोधडी शिवायची सवय आहे त्यामुळे सुईची भीती नाही. तर विचारायचं असं की ती रेघ न पसरता येते कशी, घरी जमेल का की आंध्रात जाऊन कुणाच्या हाताखाली बसल्याशिवाय गत्यंतर नाही, आपल्याकडे अजून कोण कोण चित्र आणि कापड असं एकत्र करतंय ज्यांचं काम बघायलाच हवं, आणि मुख्य म्हणजे हे टिकतं का? कारण कुणी विकत घेतलं आणि चार वर्षांत उडून गेलं तर तोंड कुठे लपवू.

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

सुईदोरा

मस्त विषय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). बसते इथेच पॉपकॉर्न घेऊन.

नीळकंठी

रेघ पसरत नाही याचं श्रेय म्हशीला.

खरंच. कलमकारीत कापड रंगवायच्या आधी हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं दूध घालून त्यात भिजवतात, पिळतात आणि कडक उन्हात वाळवतात. हिरड्यात टॅनिन (तुरट द्रव्य) असतं ते धाग्याला चिकटून बसतं, आणि दुधाच्या स्निग्धपणामुळे कापडाची पाणी ओढून घ्यायची सवय कमी होते. गाईपेक्षा म्हशीचं दूध घट्ट म्हणून ते. वाळलेलं कापड पिवळसर दिसतं, हाताला जरा ताठर लागतं आणि वास येतो, पहिल्यांदा घरात केलंत तर घरचे विचारतील काय नासलंय म्हणून.

आता काळा रंग. लोखंडाचे गंजके तुकडे, खिळे वगैरे, गूळ आणि पाणी, हे मातीच्या मडक्यात तोंड बांधून ठेवायचं, साधारण दोन-तीन आठवडे. ते आंबतं, फेस येतो, त्यात लोह उतरतं. त्याला कसीम म्हणतात तिकडे. गंमत ही की ते पाणी स्वतः काळं नसतंच. गढूळ, गंजाच्या रंगाचं असतं. कलम त्यात बुडवून कापडावर टेकवली की हिरड्याचं टॅनिन आणि लोखंड एकमेकांना भेटतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत रेघ काळी होत जाते. म्हणजे काळा रंग मडक्यात नसतोच, तो कापडावर तयार होतो. कलम पण साधीच, बांबूची काडी टोकदार करून तिच्यावर लोकर किंवा चिंध्या गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या, ती गुंडाळी दाबली की रस खाली उतरतो. दाब कमीजास्त झाला की रेघ कमीजास्त. त्यावर हात बसायला मात्र वेळ लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

लाल तर याहून मजेशीर. लाल जिथे हवा तिथे तुरटीचं पाणी लावायचं. ते दिसतही नाही धड, म्हणून त्यात थोडा कच्चा रंग मिसळतात निदान कुठे लावलंय ते कळावं म्हणून. मग वाहत्या पाण्यात धुवायचं, आणि मंजिष्ठेच्या किंवा चे नावाच्या मुळांच्या काढ्यात उकळायचं. सगळं कापड एकाच पातेल्यात, पण तुरटी जिथे होती तिथेच लाल पक्का धरतो. बाकी ठिकाणी चढलेली मळकट छटा शेणाच्या पाण्यात भिजवून, उन्हात पसरून, पुन्हा भिजवून काढतात. कॅनव्हासवर आपण रंग लावतो आणि तो लगेच दिसतो, इथे आधी जागा तयार करून ठेवायची आणि रंग नंतर येणार. पेंटिंग शिकलेल्या माणसाला हे उलटं डोक्यात बसवायला फार जड जातं.

निळा तर जिवंतच असतो म्हणा. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती विरघळायला हौदातला ऑक्सिजन संपवून तिचं रूप रासायनिकदृष्ट्या बदलावं लागतं आणि जुन्या पद्धतीच्या आंबवलेल्या हौदात हे काम जिवाणू करतात. त्यांना खाऊ म्हणून तमिळनाडूकडे टाकळ्याच्या बिया शिजवून घालतात (हो, आपण पावसाळ्यात भाजी करतो तोच टाकळा) आणि अल्कली म्हणून चुना. हौद नीट लागला की वरती तांबूस तकाकी असलेली साय येते आणि खालचं पाणी हिरवट पिवळं. कापड बुडवून वर काढलं की आधी हिरवं असतं, मग हवा लागली की कडेकडेने निळं व्हायला लागतं. थंडी पडली की जिवाणू सुस्तावतात आणि हौद बसतो, मग शेकोटी, गोणपाटं, सगळे लाड.

आंबटगोड, तुम्ही बुरशी आणि मुळं रंगवता ना, मग माझं म्हणणं एवढंच की या कामात तो विषय कापडावर काढायच्या आधीच मडक्यात येऊन बसलेला असतो. लावण्या मणींचं काम मला आवडतं ते यासाठी. त्या बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात पेंटिंग शिकल्या, म्हणजे चित्रकाराची नजर आहे, पण रंगाला आपल्या म्हणण्याप्रमाणे वागवायचा हट्ट कमी आहे. वनस्पती त्यांच्या चित्रात दिसतात आणि त्याच चित्राच्या रंगातही असतात.

जमेल का घरी? हिरडा, कसीम, तुरटी, मंजिष्ठा एवढं नक्की जमेल. निळीचा हौद ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये ठेवू नका, सोसायटीची मीटिंग लागेल.

जुन्नरी

हिरड्याचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात महादेव कोळी समाजाच्या कित्येक घरांचं वर्षाचं गणित बाळहिरड्यावर (म्हणजे कोवळ्या, छोट्या हिरड्यावर) असतं. झाडावर चढून, काठीने झोडपून, मग अंगणात वाळत घालायचा. मी लहानपणापासून फक्त औषधाला जातो एवढंच ऐकलंय. रंगासाठी पण जातो हे माहित होतं पण चित्रासाठी म्हणजे भारीच. ताई तुम्ही कलाकार लोकं दुकानातून शंभर ग्रॅमचं पाकीट घेण्यापेक्षा थेट गावातून घ्या, चार पैसे इथे राहतील.

खडूस काका

नीळकंठींचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, वादच नाही. पण हे "जिवंत प्रक्रिया", "निसर्गाशी संवाद" वगैरे ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. हल्ली प्रत्येक प्रदर्शनाच्या भिंतीवर लिव्हिंग सिस्टिम्स लिहिलेलं असतं, मग आत जाऊन बघावं तर चार मुळ्या आणि एक अळंबी. (आंबटगोड, हे तुम्हाला उद्देशून नाही.)

दोन मुद्दे.

पहिला, नीळ म्हटली की नुसते जिवाणू आणि हिरवट पाणी एवढंच आठवून चालत नाही. बंगालात 1859 साली रयतेने निळीची लागवड करायला नकार देऊन उठाव केला, 1917 ला गांधीजी चंपारणला गेले ते याच निळीपायी, आणि तोवर जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात येऊन वीस वर्षं होत आली होती. आपल्या रंगीत सुती कापडाचं युरोपात इतकं वेड होतं की इंग्लंडने 1700 साली आयातीवर बंदी घातली, ती पुरली नाही म्हणून 1721 ला असलं कापड वापरण्यावरच बंदी आणली. तिथल्या लोकरवाल्यांचे आणि विणकरांचे धंदे बसायला लागले होते. लावण्या मणींच्या कामात जहाजं, शिडं, तंबू, परदेशी प्रवाशांनी रंगवलेले विचित्र प्राणी हे सगळं येतं ते या इतिहासातून येतं, ते सोडून फक्त वनस्पती बघितल्या तर अर्धंच चित्र बघितलं. 2018 च्या कोची बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) त्यांचं काम होतं, ज्यांनी ते त्या बंदराच्या गावात उभं राहून बघितलं असेल त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

दुसरा मुद्दा, हात कुणाचा? 2025 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये रोदँ म्युझियमच्या आवारात दिओरचा शो झाला, त्याच्या भिंती म्हणजे मुंबईच्या रितिका मर्चंटच्या चित्रांवरून केलेले भलेमोठे भरतकामाचे पडदे. झाडं, डोळे, फुलं, मानव-पक्षी असले जीव. भरतकाम मुंबईच्याच चाणक्य वर्कशॉपचं. चाणक्यचं नाव निदान घेतलं जातं, ती बायकांना शिकवणारी शाळाही चालवतात, चांगलंच आहे. पण ज्याने टाका घातला त्याचं नाव कुणाला माहितीये? चित्रकाराचं आणि फॅशन हाउसचं नाव बातमीत, कारागीर म्हणजे "कुशल हात". चित्र आणि कापड एकत्र आलं म्हणून चित्रकार आणि कारागीर एका पंगतीला बसले असं समजू नये.

तिरपी रेघ

काका, पंगत पूर्वी थोडी जवळ होती बरं का. विव्हर्स सर्व्हिस सेंटर, म्हणजे सरकारी विणकर सेवा केंद्र आठवा. पुपुल जयकरांच्या पुढाकाराने पन्नासच्या दशकात सुरू झालं आणि तिथे चक्क चित्रकारांना नोकऱ्या दिल्या, विणकरांबरोबर बसून डिझाइन करायला. के. जी. सुब्रमण्यन मुंबईच्या सेंटरला होते 1959 ते 61. आपले प्रभाकर बरवे, नागावचे, जेजेमधून बाहेर पडले आणि 1961 पासून आधी बनारसच्या आणि मग मुंबईच्या सेंटरला कित्येक वर्षं नोकरी केली. बरव्यांच्या चित्रांतली ती पानं, शिंपले, घड्याळं, मोकळ्या जागेत तरंगणारे आकार बघा आणि मग विचार करा की हा माणूस दिवसभर साडीच्या पदरात कुठे काय बसवायचं आणि कुठली जागा रिकामी सोडायची याचा हिशोब करत होता. मला तरी त्यांची रिकामी जागा कापडातून आलीये असं वाटतं. (पुरावा मागू नका, बघून वाटतं.)

आता आंबटगोडच्या प्रश्नाकडे, अजून कोणाचं काम बघावं. माझी यादी छोटी आहे.

मृणालिनी मुखर्जी तर पहिल्या. जन्म मुंबईचा, 1949. शिक्षण बडोद्याला, पेंटिंग आणि मग सुब्रमण्यन यांच्याकडे म्युरल (भित्तिचित्र). पण त्यांनी कुंचला बाजूला ठेवून तागासारखा जाड दोर घेतला, रंगवला आणि गाठी मारमारून माणसापेक्षा उंच शिल्पं केली. ना माग, ना आधी काढलेलं स्केच, नुसती गाठीवर गाठ. फूल म्हणावं, देवी म्हणावी, शरीर म्हणावं, सगळंच एकात. नावं पण यक्षी, वनश्री अशी. 2015 ला गेल्या आणि 2019 ला न्यूयॉर्कला मेट म्युझियमच्या मेट ब्रॉयरमध्ये मोठं प्रदर्शन झालं. जिवंतपणा म्हणजे काय तो फोटोत कळत नाही, दिल्लीला कधी कुठे लागलं तर तिकीट काढून जा.

मोनिका कोरिया. मुंबईच्या, विणकर, आणि शिक्षण कशातलं तर मायक्रोबायॉलॉजी! मागावर एक फणी असते, उभे धागे सरळ आणि सारख्या अंतरावर धरून ठेवते. मोनिकाबाई विणता विणता मध्येच ती फणी काढून टाकतात. मग धागे आपापल्या वाटेने सरकायला लागतात, कुठे गर्दी, कुठे विरळ, आणि त्यातून झाडाचं खोड, पारंब्या असं काहीतरी उमटतं. सूक्ष्मदर्शकातून बघितलेल्या माणसालाच सुचेल हे.

बोशुधारा मुखर्जी, ही पुन्हा बडोद्याचीच पेंटिंगची. ती आधी कॅनव्हास रंगवते आणि मग सरळ कात्रीने पट्ट्या कापून विणते. म्हणजे चित्राचंच कापड. तुमच्याकडे न जमलेली अ‍ॅक्रिलिकची पेंटिंग्ज पडली असतीलच की, सगळ्यांकडे असतात.

आंबटगोड

बापरे, सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. पट्ट्या कापून विणायचं वाचल्यावर माळ्यावर जाऊन आले, कच्चा माल मुबलक आहे, एवढंच सांगते.

खडूस काका, मनावर घेतलं नाही, उलट पटलं. मी एक ठरवलंय, कुणाकडून शिकले किंवा कुणाकडून काम करून घेतलं तर कामाच्या मागे नाव लिहीन, माझ्याइतक्याच अक्षरात.

आता बावळट प्रश्न. माझ्याकडे गेसो (रंगाआधी लावतात तो पांढरा थर) लावलेला कॅनव्हास आहे त्यावर हे हिरडा वगैरे चालेल का? आणि टिकण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

कसरभक्षक

टिकण्याबद्दल मी बोलतो, जुन्या कापडांची डागडुजी करायचं काम करतो त्यामुळे सगळ्याचे शेवट बघितलेत.

गेसोवर अजिबात चालणार नाही. हे रंग धाग्याला धरतात, गेसोने धागा झाकला की संपलं. साधा मांजरपाट घ्या, कोरा, ब्लीच न केलेला. त्याला गिरणीची खळ असते ती आधी निघाली पाहिजे, रात्रभर भिजवून सोड्यात उकळा, पाणी पिवळं येईल, स्वच्छ येईपर्यंत करा. खळ राहिली तर हिरडा डागाडागाने बसतो आणि मग लोक नशिबाला दोष देतात. भांडं स्टीलचं, लोखंडाच्या कढईत मंजिष्ठा उकळलीत तर लालाचा चॉकलेटी होईल.

रंगांचं म्हणाल तर नीळ आणि तुरटीवरची मंजिष्ठा भरवशाचे. हळद सगळ्यात बेभरवशाची, उन्हात दिवसांत उडते, तिच्या नादी लागू नका, पिवळ्यासाठी डाळिंबाची साल बरी, तीही फिकी होते पण हळू. काळा दिसायला पक्का पण आतून घातकी. लोखंड आणि टॅनिन मिळून वर्षानुवर्षं कापूस खात असतात. जुन्या छिटांमध्ये (रंगीत नक्षीच्या सुती कापडांत) बघा, लाल निळं शाबूत आणि काळ्या रेघा होत्या तिथे नुसत्या बारीक चिरा, कापडच गळून गेलेलं. त्यामुळे कसीम लावल्यावर धुण्यात कंजूषपणा नको, आणि काळ्याचे मोठे ठोकळे भरू नका, रेघेपुरता ठेवा. जुने कारागीर उगाच नव्हते तसं करत.

मुंबई-ठाण्याची हवा हा वेगळाच शत्रू. घडी घालून कपाटात ठेवलंत की पहिल्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही येणार, तुमचा विषयच आहे म्हणा तो, पण कापडाच्या आत नको. जाड नळीवर धुतलेलं मलमल गुंडाळून त्यावर कापड गुंडाळा, घडी नको. भिंतीला चिकटवून लावू नका, मागे हवा खेळली पाहिजे. समोरून ऊन येतं ती भिंत तर नकोच. विकताना घेणाऱ्याला हे कागदावर लिहून द्या, तोंड लपवायची वेळ येणार नाही.

जमलं तर अहमदाबादला कॅलिको म्युझियम बघून या, आधी नाव नोंदवावं लागतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं वस्त्रांचं दालन आहेच, आपल्या लोकांना फक्त ममीच माहिती असते.

खडूस काका

ममीला पण कापडच गुंडाळलेलं असतं हो. बाकी सहमत.

सुईदोरा

😂😂

एक शंका, हे सगळं केल्यावर वरून भरतकाम केलं तर दोरा कुठला? बाजारातला रेशमी वापरला तर बाकी कापड जुनं होऊन मऊ पडतं आणि दोरा मात्र नवाकोरा चमकत राहतो, फार विचित्र दिसतं. माझ्या एका गोधडीत तेच झालंय.

नीळकंठी

सुईदोरा, दोरा पण त्याच पातेल्यात टाकायचा. कोऱ्या सुती दोऱ्याच्या लडी सैल बांधून कापडाबरोबरच हिरड्यात, तुरटीत, मंजिष्ठेत. मग दोघं बरोबरीने फिके होतात. आणि टाका घालायचा तो सगळं धुऊन झाल्यावर, आधी घातला तर कापड आटलं की चुण्या पडतात. लावलेल्या तुकड्यांचंही तसंच, दोन्ही कापडं आधी आटवून घ्या.

आंबटगोड, अजून एक. आत्ता जुलै चालू आहे. दूध-हिरड्याचं कापड एका दिवसात खडखडीत वाळलं नाही तर आंबतं, चिकट होतं आणि फेकावं लागतं. फक्त कसीमचं मडकं आत्ता लावा, दोन-तीन आठवड्यांनी गाळून बाटलीत भरून ठेवा, मांजरपाटाची खळ काढून ठेवा आणि बांबूची कलम घेऊन जुन्या चादरीवर नुसत्या पाण्याने रेघा ओढायचा सराव करा. बाकीचं ऑक्टोबरच्या उन्हात.

आंबटगोड

ओके, खिळे गोळा करायला सुरुवात केलीये. जुन्नरी, हिरड्यासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतेय, बघाल का?

जुन्नरी

बघितला, उत्तर दिलंय. बाळहिरडा की मोठा, ते नीळकंठींना विचारून कळवा, दोन्हीचा भाव वेगळा आहे.

नीळकंठी

मोठा, पिकून वाळलेला. बी काढून साल कुटायची.